निःशेष भाग

इंग्रजी भाषेत ‘भाग’ या अर्थाचे शब्द फार. पार्ट आहे, पीस आहे, शेअर, पोर्शन, सेक्शन, सेगमेंट, फ्रॅक्शन, कॉम्पोनंट; एकेकाचा बाज निराळा. शाळेत त्यांतले चार-पाच आम्हांकडून घोकून घेतले होते आणि तेवढ्यावर माझे आजवर भागले. गाणे शिकवणाऱ्याला आणखी किती इंग्रजी लागणार! परंतु गेल्या पावसाळ्यात याच घराण्यातला एक नवा शब्द कानांवर आला आणि तेव्हापासून तो काही केल्या डोक्यातून जात नाही. तो शब्द म्हणजे ‘अलिक्वॉट’.

शब्द आणला माझ्या एका शिष्येने. घराणे जुने, चार पिढ्यांपासून हैदराबादेत. मुलगी रसायनशास्त्र शिकून शहराबाहेरच्या एका औषधांच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत नोकरी करते. असल्या कारखान्यांनी आमचे शहर आता चहूबाजूंनी वेढले आहे, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. एके संध्याकाळी ती तासभर उशिरा आली आणि म्हणाली, “गुरुजी, रागावू नका. आज अलिक्वॉट काढता काढताच सहा वाजले.” मला वाटले, कसला तरी अर्क असेल. तिने समजावून सांगितले, की शंभर मिलिलिटर द्रावण असेल तर त्यातून दहा-दहा मिलिलिटरचे सारखे भाग मोजून काढायचे आणि एकेकाची परीक्षा करायची. या एकेका भागाला अलिक्वॉट म्हणायचे. सबंध द्रावणात जे गुण तेच त्या भागात. भाग पाहिला म्हणजे सबंधाचा निकाल कळला.

घरी कोश उघडला तो गंमत निराळीच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता ‘काही’, ‘कितीएक’ असा मोघम आहे. पण गणितात शिरताच तो एकदम काटेकोर झाला. ज्या भागाने सबंध संख्येला भागले असता बाकी काही उरत नाही तोच अलिक्वॉट. बारामध्ये तीन हा अलिक्वॉट, चार हा अलिक्वॉट. पाच मात्र नव्हे, कारण पाच दोनदा काढले की दोन उरतात. अशा उरवणाऱ्या भागाला इंग्रजीत निराळे नाव आहे, ‘अलिक्वांट’. एका अक्षराचा फरक, पण एक घर पुरते वाटून मोकळा होतो, दुसरा मागे काहीतरी ठेवून जातो. हा भेद युक्लिडाइतका जुना आहे. त्याच्या सातव्या पुस्तकात आरंभीच्या व्याख्यांत तो सांगतो, की लहान संख्या मोठीला बरोबर मापते तेव्हा ती तिचा ‘भाग’. मापत नसेल तर ती ‘भाग’ नव्हे, ‘अनेक भाग’. रसायनशाळेतल्या लोकांनी पुढे हा काटेकोरपणा सैल सोडला आणि कोणताही मोजून काढलेला नमुना त्या नावाने चालू लागला. शब्दही नोकरी बदलली की स्वभाव बदलतात.

आमच्या मराठीत याला ‘निःशेष भाग’ म्हणता येईल. निःशेष भाग जातो, निःशेष भाग जात नाही, हे पंतोजींच्या काळापासूनचे शब्द आहेत. तरी हैदराबादच्या जुन्या माणसांना गणित आठवते ते दोन भाषांत. १९१७ साली येथे दारुल-तर्जुमा म्हणून भाषांतराचे खाते निघाले. मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख. १९१९ मध्ये उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले ते उर्दू माध्यमातून, आणि त्यासाठी इंग्रजीतल्या शास्त्रीय शब्दांना उर्दू शब्द घडवण्याचे काम या खात्याने केले. वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावर १९२१ मध्ये एक सबंध ग्रंथच लिहिला. शाळांतही उर्दूचेच राज्य. आम्ही ज्याला मसावि म्हणून ओळखतो तो माझ्या वडिलांच्या तोंडी ‘आद-ए-आज़म’ होता. अपूर्णांक म्हणजे ‘कस्र’. कस्र म्हणजे मोडलेले. इंग्रजी फ्रॅक्शनच्या मुळाशीही मोडण्याचाच अर्थ आहे. हाच अरबी शब्द मराठीत ‘कसर’ होऊन इतका मुरला, की कसर भरून काढताना कोणाला अपूर्णांकाची आठवण होत नाही.

शाळेत उर्दू कस्र आणि घरी आजोबांपुढे मांडी घालून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी, असे वडिलांचे शिक्षण झाले. अपूर्णांकांचे सबंध पाढे तोंडपाठ करणारी आमची जमात! त्या पाठांतराचा उपयोग आयुष्यात कुठे झाला असे कोणी विचारले तर वडील म्हणत, लयीत. आड म्हणजे दिडकी, कुआड म्हणजे सवायकी. तबलजीशी ते त्याच भाषेत बोलत.

आणखी एक कसर हैदराबादेत होती, ती नाण्याची. निजामाचा हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार यांचा भाव सातास सहा. सात हाली दिले की सहा कलदार. आता सोळा आण्यांचे सात भाग करा पाहू! रुपयाच्या १९२ पया. सातांनी भागल्या तर सत्तावीस येतात आणि तीन पया उरतात. म्हणजे दोन आणे तीन पया, आणि वर कसर. सुलतानबाजार १९३३ पर्यंत रेसिडेन्सीच्या अंमलाखाली होता. तिथून अलीकडे-पलीकडे जाताना ही कसर कोणाच्या ना कोणाच्या खिशात पडत असे. सात हा आकडा अडेल खरा. पुढे तंबोऱ्यातही तो भेटणार आहे.

वडील, म्हणजे आमचे अण्णा, दरबारच्या गवयांत शेवटी-शेवटी लागले. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान विलीन झाले तेव्हा त्यांनी विशीही ओलांडली नव्हती. दरबारात त्यांचे काम बहुतेक वेळ खाँसाहेबांच्या मागे बसून तंबोरा छेडण्याचे. मी त्यांच्या पन्नाशीतले शेंडेफळ, त्यामुळे दरबार मला त्यांच्या तोंडूनच ठाऊक. ते शिकवीत ते असे: चौथी तार, पितळी खर्ज, छेडायची आणि गप्प बसायचे. तारेतून गांधार ऐकू येईपर्यंत तोंड उघडायचे नाही. कोणी छेडलेला नाही, कोणी गायलेला नाही, असा गांधार खर्जाच्या पोटातून वर येतो. आमचे लोक त्याला स्वयंभू म्हणतात. लहानपणी मला तो चमत्कार वाटे. अलिक्वॉट हा शब्द कळल्यापासून तो चमत्कार उलट वाढला आहे.

तार दोन टोकांना बांधलेली असते. ती सबंध कंप पावते तेव्हा खर्जाचा षड्ज उमटतो. पण त्याच क्षणी तीच तार अर्ध्या-अर्ध्याने, तिसऱ्या-तिसऱ्या हिश्श्याने, पावाने, पाचव्या भागाने, अशी निरनिराळ्या मापांनी हलत असते. अर्ध्यातून वरचा षड्ज, तृतीयांशातून पंचम, चतुर्थांशातून तार षड्ज आणि पाचव्या भागातून तार सप्तकातला गांधार. मुद्दा असा की टोके बांधलेली असल्यामुळे तारेत टिकतात ते निःशेष भागच. जे माप तारेच्या लांबीत पूर्ण संख्येने बसत नाही त्याचे कंप एकमेकांना मारून टाकतात. तारेला बाकी चालत नाही. आणि आपला सातवा भाग? तोही निःशेषच आहे म्हणून वाजतो. पण त्याचा निषाद आमच्या कोमल निषादाहूनही किंचित उतरलेला, कुठल्याच रागात सरळ न बसणारा. हाली-कलदाराचा भाऊच म्हणायचा.

येथे आणखी एक गुंता आहे आणि तो सोडवायला फार मोठा माणूस बसला होता. विलायती शास्त्राचा नियम असा, की तार ज्या ठिकाणी छेडावी त्या ठिकाणी ज्या भागाचा स्थिर बिंदू असेल तो भाग वाजूच नये. मधोमध छेडली तर अर्ध्याचा, पावाचा स्वर गैरहजर असायला हवा. टॉमस यंगने सांगितलेला आणि हेल्महोल्ट्झच्या ग्रंथाने रूढ केलेला हा नियम. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी कलकत्त्यात वीणा आणि तंबोरा तपासून १९२१ मध्ये दाखवले, की आमची वाद्ये हा नियम जुमानत नाहीत. कुठेही छेडा, हजेरी सगळ्यांची. कारण घोडी. विलायती वाद्यांत तार एका धारेवर टेकते. आमची घोडी रुंद आणि किंचित गोलाई दिलेली, आणि तंबोऱ्यात तिच्यावर तारेखाली दोरा. हलणारी तार घोडीच्या पाठीला पुन्हा पुन्हा चाटून जाते आणि जे भाग निजायला हवे होते ते जागे राहतात. यालाच जवारी. नोबेल पारितोषिक रामन यांना १९३० मध्ये मिळाले ते प्रकाशाच्या कामासाठी, हे खरे. पण आम्हां गाणाऱ्यांनी त्यांचे नाव या कामासाठीही घ्यावे. आपल्याकडे सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातले प्राध्यापक ग. ह. रानडे यांनी हिंदुस्थानी संगीताचे पदार्थविज्ञान १९३८ मध्ये ग्रंथरूपाने मांडले. त्याआधी १९१० मध्ये कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिले होते. त्यांच्या प्रयोगांना साथ अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची. सांगली-मिरजेच्या दोन-चार कोसांत केवढे हे काम झाले!

विशारदच्या परीक्षेला बसलेल्यांना छत्तीस इंचांची तार आठवत असेल. अहोबलाने सतराव्या शतकात ‘संगीतपारिजात’ात स्वरांच्या जागा तारेच्या लांबीवर सांगितल्या आणि भातखंड्यांनी त्या समजावताना छत्तीस इंचांची तार घेतली. विद्यार्थी आकडे पाठ करतात: ३६ षड्ज, ३२ रिषभ, २७ मध्यम, २४ पंचम, १८ तार षड्ज. मी हल्ली हे उलटे शिकवतो. उरलेली तार पाहू नका, कापलेली पाहा. मध्यमाला कापले नऊ इंच, म्हणजे पाव. पंचमाला बारा, म्हणजे तिसरा हिस्सा. रिषभाला चार, म्हणजे नववा. कोमल गांधाराला सहा. सगळे छत्तिसाचे निःशेष भाग. धैवताला मात्र हिशेब अडतो. तिथे २१⅓ इंच येतात आणि विद्यार्थी हमखास अडखळतात. छत्तीसच का घेतले हेही आता कळते: ज्या आकड्याला पुष्कळ निःशेष भाग आहेत तोच वाटणीला सोयीचा.

आमच्या शिष्येला हे सगळे पटले, पण तिने मग मलाच कोड्यात टाकले. “गुरुजी, तीनतालाच्या मात्रा सोळा. सोळाचे अलिक्वॉट एक, दोन, चार, आठ. तीन त्यांत नाहीच. मग समेपासून समेपर्यंत तिहाई बसते कशी?”

प्रश्न असा, की तबलजींनी बोटांवर शतकानुशतके सोडवलेला, पण शब्दांत क्वचित मांडलेला. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्याचा शेवट समेवर टाकायचा. सम धरून मात्रा झाल्या सतरा. सतरांचे तीन सारखे भाग पाच-पाचांचे होतात आणि दोन उरतात. या दोनांचे काय करायचे? दारुल-तर्जुमाच्या गणितात त्यांना बाक़ी म्हणून खाली लिहिले असते. गवयाने त्यांतली एक मात्रा पहिल्या तुकड्यानंतर ठेवली, एक दुसऱ्यानंतर. पाच, एक रिकामी, पाच, एक रिकामी, पाच, आणि सम. या रिकाम्या जागेला आमच्याकडे ‘दम’ म्हणतात आणि अशी तिहाई दमदार. जिथे बाकी उरत नाही ती बेदम. झपतालाच्या दहा मात्रा, सम धरून अकरा: तीन, एक, तीन, एक, तीन. रूपकाच्या सात, सम धरून आठ: दोन, एक, दोन, एक, दोन. पाहा, तिन्ही ठिकाणी उरतात दोनच. एकतालाच्या तेरांत एक उरतो, तेव्हा अर्धी-अर्धी मात्रा दम घ्यावा, नाहीतर तुकडे तीन-तीनांचे करून दोन-दोन मात्रा. तारेला बाकी चालत नाही असे मी वर म्हटले. तालाला ती चालते. तालात बाकी मिळाली की माणूस श्वास घेतो.

त्या दिवशी आम्ही बंदिश बाजूला ठेवून दीड तास टाळ्याच मोजत बसलो. शेजारच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारले, काल क्लासात भजन होते का म्हणून.

भाग पाडण्याची आवड आपल्या लोकांना आहेच. बाळाजी विश्वनाथांनी १७१९ मध्ये दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. सुभे औरंगाबाद, वऱ्हाड, खानदेश, बीदर, विजापूर आणि आमचे हैदराबाद. चौथाई म्हणजे पाव, सरदेशमुखी म्हणजे दहावा, दोन्ही निःशेष. पण ती चौथाई मराठ्यांच्या दप्तरात शिरली की तिचे पुन्हा तुकडे: शंभरांतले पंचवीस राजबाबती, सहा साहोत्रा, तीन नाडगौडा आणि उरलेले सहासष्ट मोकासा. सहांनी शंभराला भाग जात नाही, तिनांनी जात नाही, सहासष्टांनी तर नाहीच. एकट्या राजाचा हिस्सा तेवढा निःशेष! हिशेबनिसांची करामत अशी, की सहा, तीन आणि सहासष्ट मिळून पाऊण बरोबर भरतो. मला तर ही विभागणी एखाद्या अवघड तिहाईसारखी वाटते. निजामाला ती ऐकायला गोड वाटली नसेल, हा भाग वेगळा. पालखेडला १७२८ मध्ये त्याने ती मान्य केली ती कानांना बरी वाटली म्हणून नव्हे.

आणि मग ज्या वाटणीत आमची घरे सापडली ती १ नोव्हेंबर १९५६ ची. संस्थानाचे जिल्हे सोळा, तीनतालाच्या मात्राच. भाषेप्रमाणे मोजले तर मराठवाड्याचे पाच, कानडीचे तीन, तेलंगणाचे आठ. १९५३ मध्ये वरंगळातून खम्मम निराळा काढल्याने तेलंगणाचे नऊ झाले होते, ते सोडू. पाच, तीन, आठ, बेरीज बरोबर. पण भाषा जिल्ह्याच्या वेशीवर थांबत नाही. बीदरचे उदगीर, अहमदपूर, निलंगे हे तालुके मराठवाड्याकडे आले. आदिलाबादचे राजुरे आले. नांदेडच्या मुधोळ आणि देगलूर तालुक्यांतले काही भाग आंध्राकडे गेले. रायचूरचे गदवाल आणि आलमपूर महबूबनगरला जोडले. म्हणजे जिल्ह्यांनी भागले तर बाकी उरली, तालुक्यांनी भागले तरी उरली, म्हणून गावांपर्यंत जावे लागले. आणि गावांनीही भागून जे उरले ते आम्ही. सुलतानबाजार, काचीगुडा, शाहअलीबंडा, इथली मराठी घरे. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो आणि २ जून २०१४ पासून तेलंगणात आहोत. घर एकच, पत्त्यातले राज्य दोनदा बदलले.

याबद्दल रडगाणे गाण्याची चाल आपल्यात आहे, मला ती आवडत नाही. विवेकवर्धिनीचे वर्ग भरतात, मराठी ग्रंथसंग्रहालयात पुस्तके आहेत, गणपती बसतात. पण आमच्या मुलांना शाळेत मराठी मिळणे कठीण होत चालले आहे, हे डोळ्यांआड करूनही चालणार नाही. माझ्या क्लासातली निम्मी मुले बंदिशीचे शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून घेतात. त्यांना मी रागावत नाही. वही मात्र दोन्ही बाजूंनी भरायला लावतो, एका पानावर त्यांची लिपी, समोरच्या पानावर आपली.

पाटण्याच्या भास्कराचार्यांच्या नावावर आपण सारेच अभिमान सांगतो. त्यांच्या ‘लीलावती’त अपूर्णांकांच्या जाती आहेत: भागजाति, प्रभागजाति, भागानुबंध, भागापवाह. त्यांशिवाय आणखी एक, शेषजाति. तीत एक यात्रेकरू येतो. जवळच्या धनातले अर्धे तो प्रयागात देतो, उरल्याचे दोन नवमांश काशीत, पुन्हा उरल्याचा पाव वाटेतल्या जकातीत, पुन्हा उरल्याचे सहा दशांश गयेत. घरी परततो तेव्हा गाठीशी त्रेसष्ट निष्क. तर निघाला तेव्हा किती होते? उत्तर पाचशे चाळीस. इथे बाकी हाच धागा. तिच्यावरून सबंध काढायचे. शिष्येला हे उदाहरण सांगितले तर ती म्हणाली, आमच्या कारखान्यात रोज हेच असते. मी म्हटले, आमच्याही गल्लीत.

आता घरातल्या वाटणीचे थोडे सांगतो, कारण या शब्दाने मला खरे तर तिथेच टोचले. अण्णा गेल्यावर आम्ही तिघे भाऊ वाटणीला बसलो. मोठे दादा पुण्यात, मधले अप्पा इथेच बँकेत, आणि मी. सुलतानबाजारातले घर विकले; पैशाचे तीन सारखे भाग झाले, तक्रार कोणाचीही नाही. आईचे दागिने तिन्ही सुनांत बसले. भांडी, पाट, देवघर, सगळे जमले. राहिली तंबोऱ्यांची जोडी. मिरजेची, पंढरपूरकडच्या भोपळ्यांची, एका हाताने केलेली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा वर्तमानपत्रात जी छायाचित्रे आली त्यांतल्या कोणत्याही जोडीहून आमची देखणी, असे मी म्हणेन. पक्षपात धरून चाला.

तंबोरे दोन, भाऊ तीन. दादा म्हणाले, थोरल्याचा हक्क म्हणून एक मी नेतो. मी म्हटले, जोडी फोडू नका, दोन्ही तुम्हीच न्या. गाणाऱ्याला माहीत आहे, की जोडीचा नाद म्हणजे एका तंबोऱ्याची दुप्पट नव्हे. दोन्ही खर्ज एकमेकांना टेकले की मधे जो गांधार उभा राहतो तो एकट्याला येत नाही. दादा म्हणाले, तुझी पोटापाण्याची गोष्ट आहे, सगळे कसे नेऊ? त्यांच्या मनात माया होती, हे मला आजही कबूल आहे. पण फुटली ती जोडीच. अप्पांना सूर कशाशी खातात ते ठाऊक नाही. त्यांनी बँकेतल्या माणसासारखा हिशेब मांडला: “प्रत्येकाचा वाटा दोन तृतीयांश तंबोरा. तो करवतीने निघायचा नाही. तेव्हा मला लाकूड नको. एक वर्षाआड नरकचतुर्दशीच्या पहाटे माझ्या घरी जोडी वाजली पाहिजे, हा माझा वाटा.” आम्ही दोघांनी हो म्हटले. कागदावरही लिहिले.

पहिल्या वर्षी जोडी वाजली. अप्पा अभ्यंग करून कानाला अत्तराचा फाया लावून समोर बसले, काही कळले नाही तरी डोळे मिटून. त्यानंतर दादांचे गुडघे गेले, प्रवास थांबला. पुण्याचा तंबोरा काचेच्या कपाटात उभा आहे. मी क्लासात एका तंबोऱ्यावर शिकवतो आणि जोडीला मोबाईलमधला तंबोरा लावतो. तो सुरात असतो, कधी उतरत नाही, त्याला मी नावे ठेवणार नाही. परंतु दोघांचे जमत नाही. एक खोलीतल्या हवेबरोबर चढतो-उतरतो, दुसऱ्याला हवा लागत नाही. शिष्येचा कान तयार झाला आहे. तिनेच एक दिवस मोबाईल बंद केला आणि म्हणाली, एकटाच बरा.

गेल्या महिन्यात दादांचा फोन आला. कपाटात राहून तंबोऱ्याची जवारी पार बसली आहे, एक खुंटी फिरत नाही, भोपळ्याला केसाएवढी चीर गेली आहे. मिरजेला पाठवतो म्हणाले. मी विचारले, तिथून पुण्याला परत नेणार की इकडे धाडणार? थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आधी दुरुस्त तर होऊ दे. कारागिराने नेण्या-आणण्यासकट साडेसहा हजार सांगितले आहेत. हे अप्पांना कळवले तर त्यांचे उत्तर पाच मिनिटांत आले: माझा वाटा आहे, तेव्हा खर्चही तिघांत, प्रत्येकी दोन हजार एकशे सहासष्ट, दोन रुपये उरतात, ते कोणी भरायचे ते दोघांनी ठरवून सांगा.